परतूरकरबाईंचा मृग

जिला रात्री स्वतःच्या जिन्याची पायरी दिसत नव्हती, अशा बाईचा मी चार वर्षं हेवा केला, आणि तोही ताऱ्यांच्या फोटोंवरून. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचून पाहिलं. हास्यास्पद आहे, पण खरं आहे, म्हणून राहू देते.

परतूरकरबाई बरकतपुऱ्यात आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी दुसऱ्या. घराणं परतूरचं, पण पणजोबा निजामाच्या कचेरीत लागले तेव्हापासून सगळे इथलेच. काचीगुड्याकडच्या एका मराठी शाळेत त्यांनी उभी नोकरी भूगोल शिकवण्यात काढली. पुढे शाळेतली मुलं कमी होत गेली, बाई निवृत्त झाल्या, यजमान वारले, मुलगा इंदूरला स्थायिक झाला. सगळी इमारत त्यांना 'बाई' म्हणायची. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाला तर ते त्यांचं नावच वाटायचं; ते 'बाईगारू' म्हणायचे.

मी पुण्याची. अनिलच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नोकरीमुळे इकडे आले आणि एका कंपनीच्या इमारतींची देखभाल पाहू लागले. लिफ्ट, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, दिवे. बिघडलेलं दुरुस्त करून घेणं आणि अंधार असेल तिथे उजेड करणं हे माझं काम. त्यामुळे आमच्या इमारतीची सेक्रेटरी झाल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर गच्चीवर एक मोठा एलईडी दिवा बसवून घेतला. दोन दिवसांत बाई दारात.

"मेधाबाई, तो वरचा दिवा घालवायचा."

"का हो? लोक वाळवण घालतात, कपडे काढायला जातात. अंधार नको म्हणून तर लावला."

"आकाश धुऊन निघतं त्याने. काही म्हणता काही उरत नाही."

मला हसूच आलं. बाईंना संध्याकाळनंतर दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्याच आठवड्यात त्या जिन्यातल्या सायकलवर आपटल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, अंधारात तुम्हालाच दिसत नाही, आणि तुम्हीच दिवा घालवायला सांगता?"

"मला नाही दिसत. कॅमेऱ्याला दिसतं. त्याच्यासाठी घालवा."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"पडले तर मी पडेन. दिवा थोडाच पडणार आहे?"

मी दिव्याला जिन्यात वेगळं बटण बसवून दिलं. मग हा काय प्रकार आहे ते पाहायला त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, त्यांच्यामागे वर गेले.

जिन्याच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी बांधून घेतली होती. दिवा बंद केला, उजवा हात दोरीवर ठेवला आणि त्या तरातरा टाकीपर्यंत गेल्या. मी मागे चाचपडत. टाकीच्या कठड्यावर तांदूळ भरलेली एक कापडी पिशवी, तिच्यावर साबणाच्या डबीएवढा चंदेरी कॅमेरा. मुलाने फोन घेतला तेव्हा तो इथेच टाकून गेला होता. त्या कॅमेऱ्याला जास्तीत जास्त पंधरा सेकंद डोळा उघडा ठेवता यायचा, त्याहून एक क्षण जास्त नाही. बोट लागून हलू नये म्हणून बाई टायमर लावायच्या, हात मागे घ्यायच्या आणि तोंडाने सुरू करायच्या: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा... नक्षत्रांची नावं. एका लयीत. उत्तराषाढा आलं की आत खट् आवाज व्हायचा. मग कॅमेरा तेवढाच वेळ फोटो साफ करत बसायचा आणि पडदा काळा राहायचा. बाई पुन्हा अश्विनीपासून.

"घड्याळ लावा की," मी म्हटलं.

"घड्याळ बघायला उजेड लागतो. तोंड अंधारात चालतं. अंते."

'अंते' म्हणजे तेलुगूत 'एवढंच'. हा त्यांचा पूर्णविराम. यापुढे वाद नाही.

मग पडदा उजळला. आमच्या डोक्यावर नारिंगी धुरकट आभाळ होतं, काचीगुडा स्टेशनच्या दिव्यांनी आणखी फिकटलेलं. मला मोजून पाच-सहा ठिपके दिसत होते. त्या डबीत तीस-चाळीस होते. मधोमध मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण. मी आभाळाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. तिथूनच माझा हेवा सुरू झाला, आणि तो सरळ बाजारात गेला. मी विचार केला, साबणाच्या डबीतून एवढं येत असेल, तर व्यवस्थित कॅमेऱ्यातून किती येईल! कॅमेरा घेतला, रुंद भिंग घेतलं, तीन पायांचा स्टँड घेतला, ऑनलाइन वर्ग लावला. मी अर्धवट काही करत नाही.

बाईंनी माझा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं. म्हणाल्या, "छान आहे हो. फिरायला गेलं तर ह्यात डबा पण बसेल."

अनिल इतका हसला की मी त्याला दोन दिवस भाजी फोडणीशिवाय दिली.

बाईंची आठवण काढताना लोक सांगतात की त्या फार शांत होत्या. तसं काही नव्हतं. त्या चिवट होत्या. हे मला बेगम बाजारात कळलं. गच्चीवरच्या उंदरांनी त्यांची तांदळाची पिशवी फोडली, कॅमेरा ठेवायला नवीन पिशवी हवी होती. मला दिवाळीचं सामान घ्यायचं होतं, म्हणून बरोबर गेलो. मला वाटलं, पावशेर तांदूळ घेतील आणि निघू. बाई एका मोठ्या दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, "भैया, तूर का बोरा खोलो जरा."

"कित्ता देऊं अम्मा?"

"देना नक्को. बिठाना देखना है." आणि पर्समधून कॅमेरा काढून तो डाळीच्या पोत्यावर ठेवला.

दुकानदार बघतच राहिला. "अम्मा, फोटो उतारना है तो चारमिनार कू जाओ. दाल का फोटो कायकू?"

"फोटो नक्को रे बाबा. हिलता क्या, वो देखतियूं मैं."

तूर सरकत होती. मोहरी तर पळतच होती. साबुदाण्यात कॅमेरा आधी रुतला, मग हल्लूच एका अंगावर कलला. मसुरीला नकार, वाटाण्याला नकार. मी घड्याळ पाहत होते. मला अजून काजू-बेदाणे घ्यायचे होते आणि रिक्षा मिळणार नव्हती. पण दुकानदार आता पेटला होता. तो स्वतः आत गेला आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून चिंचोक्यांचा ढीग ओंजळीत घेऊन आला. चिंचोके चपटे, वेडेवाकडे, एकमेकांत अडकून बसतात. कॅमेरा ठेवला, वाकडा केला, आभाळाकडे तोंड करून सोडला. हलला नाही.

"बैठ गया!" दुकानदार ओरडला. शेजारच्या दुकानातले दोघे बघायला आले. बाईंना स्टूल मिळालं, चहा मिळाला. मी त्या बाजारात कित्येक वर्षं घासाघीस करते आहे, मला आजवर कोणी स्टूल दिलं नाही. त्या दिवशीही नाही. मी पिशव्या धरून उभी होते.

त्यांच्या डोळ्यांचं त्यांनी मला एकदा गच्चीवर सांगितलं, कॅमेरा फोटो साफ करत असताना, मधल्या काळ्या वेळात. जन्मापासूनच रातांधळेपणा. पण हे काही वेगळं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लहानपणी उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे. आई म्हणायची, काय चांदण्या पडल्यात! काका म्हणायचे, वा! एवढ्याशा बाई पण म्हणायच्या, वा!

"मला वाटायचं, ती बोलायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "जेवण झाल्यावर 'छान झालं होतं' म्हणतात ना, तसं. झोपायच्या आधी चांदण्यांबद्दल चांगलं बोलायचं."

"मग शाळेत शिकवलंत कसं?"

"पुस्तकात होतं. फळ्यावर खडूचे ठिपके द्यायचे, मृग काढायचा, मुलांना सांगायचं, रात्री बघा. मुलं दुसऱ्या दिवशी म्हणायची, बाई, दिसला! मला वाटायचं, गुणाची आहेत बिचारी, बाईंचं मन राखतात."

पस्तिशीनंतर दिवसाही कडा अंधारू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, औषध नाही. बाईंच्या मनात त्या वेळी पहिलं काय आलं? "सगळी खरं बोलत होती, मेधाबाई! आई, काका, मुलं, सगळी. इतका राग आला मला!"

आणि ह्या डबीत पहिल्यांदा तारे आले तेव्हा बाई ती घेऊन कोठीच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. म्हणाल्या, आत धूळ गेलीय, साफ करून दे. त्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, "अम्मा, ये कचरा नहीं, स्टार हैं." बाईंनी त्याला विचारलं, "पक्का?" तो म्हणाला, "हौ, पक्का." मग तिथेच त्याच्या बाकावर बसून त्यांनी तो फोटो पाहिला. हे सांगताना त्या हसत होत्या. मी नाही हसले. मला त्या कोठीच्या दुरुस्तीवाल्याचासुद्धा हेवा वाटला.

आता मुद्द्याचं. बाईंची नजर चहूबाजूंनी आत येत चालली होती. "आधी बांगडीतून बघितल्यासारखं होतं," त्या म्हणायच्या, "आता अंगठीतून." अंगठीच्या आतलं स्वच्छ, बाहेर काही नाही. डॉक्टरांच्या मते अंगठीही फार काळ राहणार नव्हती. तोवर बाईंना एक गोष्ट हवी होती: जो मृग त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढला, तो रोहिणी आणि कृत्तिकांसकट एका फोटोत, आणि तो एका नजरेत. तुकडे नकोत. अख्खा.

यात दोन अडचणी होत्या. शहरातून कृत्तिका येतच नव्हत्या, उजेडात बुडायच्या. आणि फोटो आला तरी बघायचा कसा? डबीच्या पडद्यावर सगळं अंगठीत मावायचं, पण तारे टाचणीच्या टोकाएवढे, बाईंना ते विझल्यासारखे दिसायचे. घरच्या टीव्हीवर लावलं की तारे दिसायचे, पण एका वेळी एकच. "लहान केला तर तारे जातात, मोठा केला तर मृग जातो," असं त्या म्हणायच्या, गणित चुकलेल्या मुलाची वही बघावी तशा आवाजात.

दुसऱ्या अडचणीचं मला काही सुचत नव्हतं. पहिली सोपी होती. गाडी काढायची आणि अंधारात जायचं. मला माझ्या कॅमेऱ्यासाठी जायचंच होतं.

जानेवारीतली अमावास्या गाठून आम्ही तिघं दुपारी विकाराबादच्या बाजूला निघालो. वाटेत अनिलने मिरची भजी घेतली, गाडीत सगळ्यांनी खाल्ली. दिवस बुडाल्यावर रस्त्यापासून आत एका मोकळ्या माळावर थांबलो. मी स्टँड उभा केला, पाणसळ पाहिली, भिंगाचं झाकण काढलं, फुंकणीने धूळ उडवली, खास कापडाने भिंग पुसलं. अनिल? तो बाईंची चिंचोक्यांची पिशवी छातीशी धरून त्यांच्यामागे उभा. माझा स्टँड त्याने आजवर एकदाही उचललेला नाही.

"पूर्व कुठे?" बाईंनी विचारलं. अनिलने त्यांचा हात धरून पूर्वेकडे केला. बाईंनी पिशवी गाडीच्या बॉनेटवर थोपटली, त्यात कॅमेरा रुतवला, मनाशी काहीतरी पुटपुटल्या, "ह्या वेळेला रोहिणी जवळजवळ डोक्यावर, मृग तिच्या पूर्वेला खाली..." आणि आभाळाकडे न बघता कॅमेरा वळवला. न बघता म्हणजे काय, बघून उपयोगच नव्हता. त्यांच्यासाठी वर फळा होता, कोरा.

मग त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला दिसतंय ना? सांगा की कसं आहे."

मी वर पाहिलं. इतके तारे मी पुण्यातही कधी पाहिले नव्हते. म्हटलं, "भरपूर आहेत."

"भरपूर म्हणजे? बाजारात वांगी भरपूर असतात. नीट सांगा."

"म्हणजे... खूपच आहेत, बाई. सगळीकडे."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचा फोटो काढा."

मला ते झोंबलं. माझे दोन्ही डोळे शाबूत, वर सगळं आभाळ उघडं, आणि माझ्याकडे शब्द कोणता तर भरपूर. खरं सांगायचं तर मला तेव्हा एवढंच कळत होतं की थंडी वाजते आहे आणि बॅटरी जपली पाहिजे. बाईंना ते आभाळ ज्या भुकेने हवं होतं, तशी भूक मला आयुष्यात कशाचीच लागलेली नाही. कॅमेरा विकत मिळतो, वर्ग लावता येतो. ही भूक कुठे मिळते?

तेवढ्यात बाईंनी कॅमेरा उचलला, भिंगावर बोट फिरवलं, म्हणाल्या, "दव पडलंय," आणि पदराने भिंग खसाखसा पुसलं.

बाई सगळं पदराने पुसायच्या. चष्मा, टीव्ही, पेरू, हात. त्या पदराला मघाच्या मिरची भज्यांचे हातही पुसले होते, मी पाहिलं होतं.

"बाई!" मी किंचाळलेच. "भिंग आहे ते! तेल लागलं असेल!"

"ओलं होतं, पुसलं. इत्मिनान ठेवा जरा." आणि सुरू: अश्विनी, भरणी, कृत्तिका...

पहिला फोटो जरा तिरका आला. दुसऱ्यात सगळं बसलं. पडदा उजळला तेव्हा अनिल नुसता "अरे!" म्हणाला. मी माझा कॅमेरा सोडून पाहायला गेले. तेलाचा पातळ थर भिंगावर राहिला होता आणि त्याने अजब काम केलं होतं. बारीक तारे बारीकच राहिले, पण जे तेजस्वी ते फुलले होते, प्रत्येकाभोवती मऊ रंगीत वलय. मृगाच्या खांद्यावरची काक्षी केशरी, पायातला राजन्य निळसर, रोहिणी निखाऱ्यासारखी. बाणाचे तीन तारे तीन दिवे लावल्यासारखे. वर कृत्तिकांचा पुंजका, फुंकर मारल्यासारखा. फळ्यावर खडूने जाड ठिपके द्यावेत तसा मृग, आणि मागे बाकीचं आभाळ, आपापल्या जागी, शिस्तीत.

मग अनिलने माझा फोटो पाहिला. माझ्या फोटोत हजारो तारे होते. खरोखर हजारो, सगळे सुईसारखे तीक्ष्ण. त्याने बराच वेळ पाहून विचारलं, "ह्यात मृग कुठे आहे?"

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवली आणि रेडिओ लावला.

पुढच्या आठवड्यात मी एक जुनं सपाट काचेचं झाकण घेतलं, भिंगाला काही होऊ नये म्हणून, आणि त्याला तेल लावून पाहिलं. आधी खोबरेल. मग साजूक तूप. मग कढईतलं भज्यांचं उरलेलं तेल, पदराने. सुती साडी मी नेसत नाही, म्हणून बाईंसारखी एक मुद्दाम काढली. एकदाही जमलं नाही. कधी सगळं धुकं, कधी रेघोट्या, एकदा तर चंद्र थालीपिठासारखा आला, मधल्या भोकासकट. अनिलने विचारलं, गच्चीवर तळणाचा वास कसला येतोय? मी म्हटलं, वरच्यांकडे काहीतरी असेल.

बाईंनाही ते पुन्हा जमलं नाही, हे सांगायला हवं. पण त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्यांना हवा होता तो फोटो आला होता. फक्त तो त्यांना दिसत नव्हता. डबीत बघितला तर वलयं मावळलेली. टीव्हीवर बघितला तर आधी रोहिणी, मग मान हलवून बाण, मग मान हलवून राजन्य. बाई म्हणायच्या, "सगळी हजर आहेत, पण एकत्र फोटोला उभी राहत नाहीत."

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन भरवलं. विणकाम, रांगोळ्या, चित्रं, फोटो. अनिलने मला न विचारता बाईंचा फोटो मोठा छापून आणला, जवळजवळ दारातल्या पडद्याएवढा. माझाही छापला, तेवढाच. दोन्ही दारासमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगले. टांगण्याचं काम अर्थातच माझं. खिळे सरळ ठोकणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्याच आठवड्यात मुलगा बाईंना इंदूरला घेऊन जायला आला होता. आता एकटं राहणं शक्य नव्हतं. सामान बांधून झालं होतं.

त्या रविवारी सकाळी बाई मुलाचा हात धरून आल्या. हॉल भरलेला होता. जो तो बाईंच्या फोटोसमोर थांबत होता. "हा मृग ना?" "अय्या, ही रोहिणी किती लाल!" "मला आठवतंय, बाईंनी फळ्यावर काढला होता!" हे म्हणणारा चांगला टक्कल पडलेला गृहस्थ होता. माझ्या फोटोसमोर लोक म्हणत होते, "वा, भरपूर तारे आहेत."

बाईंना पुढे आणलं. त्या फोटोच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. मी बाजूलाच होते, त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली. चेहऱ्यावर काही नाही.

"काय दिसतंय, आई?" मुलाने विचारलं.

"काळं," त्या म्हणाल्या. "आणि इथे एक काहीतरी केशरी."

मुलगा माझ्याकडे पाहू लागला, जसं काही मी ते दुरुस्त करून देणार. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिते: वाईट वाटलं, आणि त्यात एक बारीक समाधान होतं. दोन्ही खरं.

मग बाईंनी मुलाचा हात सोडला आणि एक पाऊल मागे टाकलं. आणखी एक. त्या फोटोकडे तोंड करूनच मागे मागे जाऊ लागल्या. घरी असं कधी करताच आलं नव्हतं; खोलीच दहा बाय दहाची, दोन पावलांत पाठीला भिंत. इथे हॉल होता. मुलगा घाईने पुढे झाला तर म्हणाल्या, "नक्को, नक्को, धरू नकोस. नुसतं मागचं सांग."

"मागे खुर्च्या आहेत, आई. जरा डावीकडे. हल्लू."

लोक बाजूला झाले. विणकामाच्या टेबलामागे सरकले, रांगोळीवाल्या बाईंनी रांगोळीपुढे हात आडवे धरले. बाई सबंध हॉल मागे गेल्या, उंबरठ्याशी थांबल्या, मुलाने "उंबरठा" म्हणताच पाऊल उचलून मागे टाकलं, व्हरांडा ओलांडला, दोन पायऱ्या चाचपत उतरल्या आणि शाळेच्या मैदानात उन्हात गेल्या. आतले सगळे दाराकडे बघत होते. मी तेवढी फोटोजवळ होते. फ्रेम एका बाजूला किंचित उतरली होती, ती मी वर करत होते.

मैदानात, झेंड्याच्या खांबाच्याही पलीकडे, बाई थांबल्या. इथून त्या बोटाएवढ्या दिसत होत्या. त्यांनी हात कपाळावर आडवा धरला, मान सरळ ठेवली. हलवली नाही. मग तिथून त्यांचा आवाज आला, तोच, शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा:

"मेधाबाई! सरका जरा तिथून! सगळी आलीयेत, तुम्ही कृत्तिकांवर उभ्या आहात!"

हॉलमधले सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले.

मी सरकले. एका बाजूला रांगोळी होती, म्हणून सरकायला एकच बाजू मोकळी होती, आणि तिथे माझा फोटो होता. मी त्याच्यापुढे पाठ करून उभी राहिले. बाई तिकडे उन्हात उभ्या होत्या, इकडेच बघत, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांना हवं तेवढा वेळ मी तशीच उभी राहिले. तेवढ्या वेळात माझा फोटो कोणालाच दिसला नाही.